बियांना इस्त्री

कडकरावांच्या इस्त्रीखालून न गेलेली वस्तू त्यांच्या घरात शोधूनही सापडली नसती. शर्ट-पँटी तर सोडाच, तो धंदाच होता. पण हा गृहस्थ हातरुमाल, पायमोजे, बुटांच्या नाड्या, भिजलेलं वर्तमानपत्र, मिळेल त्यावरून इस्त्री फिरवायचा. एकदा लेकीच्या प्रगतिपुस्तकाला सुरकुती पडली म्हणून तेही त्यांनी दाबून काढलं, शाळेचा शिक्का पुसला गेला आणि हेडमास्तरांची बोलणी खाऊन आले. तरी घरी येऊन म्हणाले, "पण पान कसं बसलंय बघ." त्यांना खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते वीजबिलापुरतं. गल्लीनं त्यांना कडकराव करून टाकलं होतं. कॉलर कडक, घडी कडक आणि मतं तर त्याहून कडक.

पुढं दुकान, मध्ये राहायच्या दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि मागं परसू. दुकानात शिरलं की आधी वाफेचं फुसफुसणं ऐकू यायचं, मग खळीचा आणि तापलेल्या सुती कापडाचा वास यायचा आणि मग हँगरच्या रांगेमागून कडकराव दिसायचे. आतल्या दारापाशी स्टुलावर त्यांची बायको तुटलेली बटणं लावत बसायची. सगळी गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी फारसं बोलायची नाही. नवऱ्यानं काहीही ठणकावून सांगितलं की "बघू" म्हणायची आणि दोरा दातानं तोडायची. त्या "बघू"त काय काय असतं याची चौकशी कडकरावांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

परसात केशरी टोमॅटो होते. टोमॅटो म्हणजे लाल असं समजणाऱ्या जगाची कडकरावांना कीव यायची. त्यांच्या वेलांना लागायचे ते मुठीएवढे, थोडे चपटे, आतून बाहेरून केशरी, आणि कापले तर पाण्याचा थेंब सांडायचा नाही, नुसता गर. हे बी दुकानात मिळत नाही, हे ते गिऱ्हाइकाला शर्टाच्या घड्या मोजून देता देता सांगायचे. बी त्यांच्या आईचं. आईला तिच्या आईनं दिलेलं, तिला तिच्या सासूनं. दरवर्षी चांगलं फळ राखायचं, त्याचं बी काढायचं, पुढच्या वर्षी लावायचं. असं चालत आलेलं. आई जाताना शुद्धीवर होती आणि तिनं शेवटचं जे काही धड सांगितलं ते एवढंच, की बी सोडू नकोस. तेव्हापासून परसातले ते वेल म्हणजे कडकरावांच्या लेखी आईच होती, आणि यात चेष्टेचा भाग अजिबात नव्हता.

मोसमातलं पहिलं फळ ते दुकानात कापायचे. त्या वेळी जे कोणी कपडे न्यायला आलेलं असेल त्याच्या हातावर एक फोड, वर चिमूटभर मीठ. स्वतः शेवटची फोड घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आईच्या हातची चव. जशीच्या तशी." डोळ्यांत पाणी यायचं. बँकेतले साहेब एरवी पँटच्या घडीवरून तासभर वाद घालणारे, तेसुद्धा त्या वेळी मान खाली घालून उभे राहायचे. वहिनी आत जायची, दूध बघायला म्हणून.

पण खरा अभिमान कडकरावांना टोमॅटोचा नव्हता, बी वाळवण्याचा होता. आई बी वाळवायची ती जुन्या पद्धतीनं. फळातला बुळबुळीत गर भांड्यात दोन दिवस ठेवायचा, मग धुवायचा, मग बी फडक्यावर पसरून सावलीत ठेवायचं आणि मुंग्या हाकत बसायचं. आई गेली त्याच वर्षी दुकानात कोळशाच्या इस्त्रीच्या जागी बॉयलर आला आणि कडकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. वाळवणं म्हणजे तर आपलं खातं! ज्या घरात ओली चादर पाच मिनिटांत कोरडीठाक होते त्या घरात बी आठवडाभर सावलीत लोळत का पडावं? त्यांनी धुतलेलं बी दोन रुमालांमध्ये पसरलं, बॉयलरच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवलं आणि वरून इस्त्री फिरवली. रेशमी कापडाला फिरवतात तशी, हलक्या हातानं, आडदांडपणा नाही. एका कोटाची इस्त्री होईतो बी कुरकुरीत.

हो, बियांना इस्त्री. ऐकणारा हसायचा आणि मग कडकराव त्याला हाताला धरून परसात न्यायचे. तिथं वेल छातीइतके वाढलेले, केशरी फळांनी लगडलेले. हसणारा गप्प व्हायचा. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई एकदा अगदी कळवळून म्हणाल्या होत्या, "अहो, भाजलं जाईल ते. जीव असतो बियांत." कडकराव म्हणाले, "बाई, मुलांना तुम्ही शिकवा. बियांचं मी बघतो." आणि त्यांनाही परसात नेलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्यानंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत.

थंडी ओसरायला लागली की कडकराव खळीच्या रिकाम्या डब्यांत माती भरायचे, काडीनं भोकं पाडून एकेक बी पेरायचे आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडायचे. तिथं ऊन यायचं. मग बायकोला ताकीद. "पाणी तेवढं शिंपड. मातीला हात लावू नकोस. तुझा हात जड आहे." हे ते गिऱ्हाइकांसमोरही सांगायचे, की हिनं झाडाला हात लावला की झाड मान टाकतं, हातगुण लागतो हातगुण. वहिनी म्हणायची, "बघू." आठ-दहा दिवसांत डब्याडब्यातून कोंब वर यायचे आणि कडकराव आपला उजवा हात सगळ्यांना दाखवायचे. दरवर्षी. एकाही वर्षी चुकलं नाही.

यंदा मात्र पेरणीच्या सुमाराला सकाळी सकाळीच जावयाचा फोन आला. लेकीचे दिवस भरले नव्हते, तरी कळा सुरू झाल्या होत्या. वहिनीनं पिशवीत दोन कपडे कोंबले. एवढी वर्षं इस्त्रीवाल्याच्या घरात काढूनही कोंबले, यावरून घाई ध्यानात यावी. दारातून वळून मात्र म्हणाली, "अहो, बी इतक्यात पेरू नका. मी आल्यावर पेरा."

"का? तू नसलीस तर बी रुजायला लाजणार आहे का?"

"मी आल्यावर पेरा म्हणते ना."

"बरं बरं. जा तू. लेकीकडं बघ."

नात झाली. दोघी सुखरूप होत्या, पण लेकीला अशक्तपणा फार आणि बाळ अगदी मूठभर, म्हणून वहिनीला तिकडंच राहावं लागलं. कडकराव दोन दिवस वरण-भातावर आणि शेजाऱ्यांच्या दयेवर राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी डबे काढले. ही बाई स्वतःला समजते कोण, असा विचार करतच त्यांनी माती भरली. पेरणीला मुहूर्त असतो, बायका नसतात. खिडकीत डबे मांडले, स्वतःच पाणी शिंपडलं आणि मनातल्या मनात रोपांची वाटणीसुद्धा करून टाकली. लेकीनं नव्या घरी अंगण मिळालं म्हणून यंदा पहिल्यांदाच रोपं मागितली होती. आईचं बी तिसऱ्या पिढीत जाणार होतं. त्यांना फार बरं वाटलं.

आठ दिवस गेले. दहा गेले. माती जशी दाबली होती तशी, गुळगुळीत. सुरुवातीला कडकरावांनी थंडीला दोष दिला, मग खिडकीच्या काचेला, मग शेजारच्या मांजराला, कारण ते दोनदा खिडकीत बसलेलं दिसलं होतं. वहिनीचा फोन यायचा. बाळानं किती दूध घेतलं ते सांगून झालं की ती हळूच विचारायची, "डबे नाही ना मांडलेत?" आणि ते "नाही नाही" म्हणायचे. मग एक दिवस ती म्हणाली, "मला इथून निघायला महिना तरी लागेल. काय करायचं हो तुमच्या टोमॅटोचं?" त्या 'तुमच्या'त कडकरावांना कसली तरी कीव ऐकू आली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पेरले मी. आलेही. बोटभर रोपं झालीत."



"आली?" वहिनीचा आवाज भलताच बारीक झाला होता.

"मग? आली म्हणजे काय, दरवर्षी येतात तशी आली."

"तुम्ही वाळवलेल्या बियांची?"

"नाही, तुझ्या बापानं वाळवलेल्या! काय विचारतेस?"

"बघू," असं नेहमीसारखं काही ती म्हणाली नाही. फोन ठेवून दिला.

खोटं बोलून झाल्यावर कडकराव तडक डब्यांपाशी गेले. त्यांनी एका डब्यातली माती उकरली. बी सापडलं. चिमटीत धरलं तर तपकिरी सालपट निघालं, आत काही नव्हतं. दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. उरलेलं सगळं बी त्यांनी पुन्हा पेरलं. नवी माती, नवे डबे, कोमट पाणी. या वेळी तर ते डब्यांसमोर खुर्ची टाकूनच बसले. दुकानात कपड्यांचा ढीग साचला. बँकेतल्या साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा चुरगळलेली पँट घालून कामावर जावं लागलं. शाळेतल्या बाई चादरी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी कडकरावांचा चेहरा पाहिला आणि आपण होऊन विचारलं, "रोपं नाही आली का?" त्या आवाजात जिंकल्याचा भाव असता तर त्यांना सोसला असता. नव्हता. बाई खरंच हळहळल्या.

दुसरी पेरणीही गेली. एकही कोंब नाही. आता त्यांच्याजवळ त्या टोमॅटोचं एक बीसुद्धा उरलं नव्हतं. वेलांची वाळकी चिपाडं त्यांनी हिवाळ्याआधीच जाळली होती.

कडकराव आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत बसले. काय झालं असेल? इस्त्री तीच, रुमाल तेच, बॉयलर तोच. म्हणजे गेला तो हातगुणच. वय झालं. इतक्या पिढ्या चालत आलेली गोष्ट, आणि ती संपली ती नेमकी आपल्या हातात. एवढी एकच गोष्ट सांगून आई गेली होती. त्यांना वाटलं, आई आज पुन्हा मेली, आणि या खेपेला आपण मारली. आई गेली तेव्हा हे दुकान एक दिवससुद्धा बंद नव्हतं. आज त्यांनी भरदुपारी शटर ओढलं आणि लेकीच्या गावाची बस पकडली. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

लेकीच्या स्वयंपाकघरात दोरीवर बाळाची इवलीइवली झबली वाळत होती. एकालाही इस्त्री नव्हती, पण कडकरावांचं तिकडं लक्षच गेलं नाही. नात लेकीच्या मांडीवर झोपली होती. तिला धड बघूनही न घेता ते दारातच उभे राहिले. वहिनी ओट्यापाशी होती. तिनं नवऱ्याला पाहिलं, त्याच्या मागं पाहिलं, रोपांची पिशवी कुठं दिसते का ते पाहिलं.

"खरंच आली होती?" तिनं पाणीसुद्धा न देता विचारलं.

कडकरावांचा बांध फुटला. "नाही गं. एकही नाही. दोनदा पेरलं. संपलं सगळं. खोटं बोललो मी तुझ्याशी."

वहिनीनं छातीवर हात ठेवला, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "बरं झालं!"

कडकराव बघतच राहिले. त्यांना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग लेकीकडं पाहिलं, तर ती ओठ घट्ट मिटून बाळाच्या टाळूकडं बघत होती.

"बरं झालं? अगं, आईचा टोमॅटो गेला आणि तू बरं झालं म्हणतेस?"

"तसं नाही हो." वहिनीनं त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. "तुम्ही आली म्हणालात ना, तेव्हापासून माझं डोकं चालेना. मला वाटलं, इस्त्री केलेल्या बियांना कोंब फुटले म्हणजे मी एवढी वर्षं उगाच मरमर केली. मलाच वेड लागलं होतं की काय, असं वाटायला लागलं."

"कसली मरमर?"

वहिनीनं लेकीकडं पाहिलं. लेक म्हणाली, "सांग आता. कधीतरी सांगायचंच होतं."

मग वहिनीनं सांगितलं. कडकरावांनी डबे खिडकीत मांडले आणि दुकानात गेले की ती आपलं बी काढायची आणि डब्याडब्यात बोटानं खोचून ठेवायची. ते बी त्याच वेलांवरच्या फळांचं, स्वयंपाकाला म्हणून आत आलेल्या. बशीत पसरून, फळीवर, सावलीत वाळवलेलं. दरवर्षी. इस्त्रीचं बी डब्यात कुजून जायचं, तिचं उगवायचं, आणि कडकराव गल्लीला हात दाखवायचे.

सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली; हाताला धरून परसात नेलेला एकेक माणूस. चष्मा पुसणाऱ्या बाई. कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या की त्यावर रुमालाला इस्त्री झाली असती. बायकोचा हात जड, झाड मान टाकतं, हे आपण किती वेळा म्हणालो, आणि ती तिथंच स्टुलावर बसून बटण लावत होती.

"तुलाही माहीत होतं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मी तिसरीत असल्यापासून. मला वाटायचं तुम्ही दोघं खेळता."

"आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?" हे बायकोला.

"काय बोलायचं? तुम्ही ऐकणार होतात? बाईंचं ऐकलंत?"

कडकरावांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. लाज तर इतकी वाटत होती की उठून कुठंतरी जावं; पण त्या लाजेखालून काहीतरी वर यायला लागलं आणि ते काय आहे हे कळताच ते पाटावरून अर्धे उठले.

"म्हणजे तुझ्याकडं बी आहे!"

"आहे. घरीच आहे. वरच्या फळीवर, चहाच्या जुन्या डब्यात. म्हणून तर म्हणत होते, मी येईतो थांबा."

"अगं, मग वाचला की!" त्यांनी दोन्ही हातांनी बायकोचा हात धरला. आयुष्यात चारचौघांत धरला नव्हता. लेकीनंसुद्धा मान वर केली. "माझी फजिती झाली ना, होऊ दे. सगळ्या गल्लीला सांगतो की मी गाढव आहे. पण आईचा टोमॅटो वाचला! तू वाचवलास! आजच जातो, आजच पेरतो. तुझ्या हातचं बी..."

ते हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वहिनी हसत नव्हती. तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि उगाचच ओट्यावरची वाटी उचलून पालथी घातली.

कडकराव थांबले. माणूस हेकट होता, पण बुद्दू नव्हता. खिशातल्या किल्ल्यांवर हात फिरवत त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून लावून पाहिलं. तिचं बी त्यांच्याच वेलांच्या फळांचं. ते वेल तिच्या बियांचे. ते बी आधीच्या वर्षीच्या वेलांचं. मागं, मागं, मागं जात ते आई गेली त्या वर्षावर येऊन पोचले. त्या वर्षी वेल किडीनं बसले होते. चारच फळं धरली होती, ती चारही त्यांनी स्वतः बियांसाठी कापली आणि इस्त्रीखाली घातली. आईच्या डब्यात जुनं बी होतं थोडं. तेही त्यांना दमट वाटलं. त्यालाही इस्त्री केली होती. सगळ्याला. एक बी मागं ठेवलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, "पहिल्या वर्षी तू कुठलं बी लावलंस?"

बाळ झोपेत जरा कुरकुरलं, लेकीनं थोपटलं.

"सांग."

"बाजारातलं," वहिनी म्हणाली.

तिला आठवत होतं ते सगळं तिनं सांगून टाकलं. त्या वर्षी डबे रिकामेच राहिले. कडकराव रोज येऊन डब्यांकडं बघायचे आणि न बोलता दुकानात जायचे. आई गेल्यावर त्यांनी डोळ्यांतून टिपूस गाळलं नव्हतं, जेवण तुटलं होतं, रात्रंदिवस इस्त्री एके इस्त्री. आणि एक दिवस बाजारात एका भाजीवाल्याच्या टोपलीत कोपऱ्यात तिला दोन-चार केशरी टोमॅटो दिसले. कुठले, कोण जाणे. त्यालाही माहीत नव्हतं. तिनं ते आणले, त्यातलं बी काढलं आणि गपचूप डब्यांत खोचलं. रंग तसाच निघाला. आकार मात्र वेगळा.

"तुम्ही म्हणालात, यंदा चपटे का आलेत? मग आपणच म्हणालात, आई गेली म्हणून रुसलेत."

"म्हणालो असेन."

"मला वाटलं, तोंडात घातल्यावर ओळखाल. मी दारात उभी होते. तुम्ही फोड खाल्लीत, डोळे मिटलेत आणि आईच्या हातची चव म्हणून जे रडायला लागलात, ते संध्याकाळपर्यंत रडलात. त्या रात्री पोटभर जेवलात. मग कसं सांगायचं होतं मी? दरवर्षी वाटायचं, यंदा सांगावं. दरवर्षी तुम्ही डोळे मिटायचात."

म्हणून ती आत जायची, दूध बघायला. कडकरावांना आता कळलं. मघाशी कान तापले होते ते आता गार पडले. आईचा टोमॅटो यंदा गेला नव्हताच. तो केव्हाच गेला होता, आई गेली त्याच वर्षी, दोन रुमालांच्या मध्ये, हलक्या हातानं. आणि त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात ते कुण्या अनोळखी माणसाच्या वाफ्यातला टोमॅटो खाऊन आईच्या नावानं रडत होते. मीठ लावून. लोकांना वाटत.

त्यांनी डोळे मिटले. खरी चव आठवायचा प्रयत्न केला. लहानपणचं परसू आठवलं, आईचा पदर आठवला, तिच्या हातातली सुरी आठवली, कापलेलं फळ आठवलं; फोड जिभेवर ठेवली आणि आला तो चपटाच. बाजारचा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आला. दुसरं काही येईचना. ते घाबरले.

"अगं," ते म्हणाले, "तो कसा होता गं? आईचा? तू खाल्ला होतास ना?"

"खाल्ला होता की. चांगली सात-आठ वर्षं खाल्ला."

"मग सांग ना."

वहिनी त्यांच्यासमोर खाली बसली. आठवून आठवून सांगायला लागली. "लहान होता. लिंबापेक्षा थोडा मोठा. साल जाड होती, दातात अडकायची. आणि आंबट. दात आंबून जायचे असा आंबट. तुमच्या आई त्याला मीठ नाही, साखर लावून खायच्या."

"साखर?"

"साखर. आणि तुम्ही..." ती थांबली.

"मी काय?"

"तुम्हाला तो आवडायचाच नाही. आई ताटात वाढायच्या आणि त्यांची पाठ वळली की तुम्ही उचलून माझ्या ताटात टाकायचात. रोज."

कडकरावांनी तोंड उघडलं, हे साफ खोटं आहे असं म्हणायला. पण हात आठवला. आपलाच हात, भराभर, चोरून, शेजारच्या ताटाकडं जाणारा. तेवढाच आठवला, चव नाहीच. बाळ जागं झालं आणि लेकीनं त्याला खांद्यावर घेतलं.

"आईला कळलं नाही ना कधी?" त्यांनी विचारलं.

"कळत होतं की," वहिनी म्हणाली. "म्हणून तर पाठ वळवायच्या."